मार्गशीर्षातली भाऊबीज

सत्त्याण्णव साली सुरतेत, उधन्याच्या आमच्या चाळीत फ्रीज फक्त आमच्याकडे होता. त्यामुळे साऱ्या चाळीचं विरजण, कणकेचे गोळे आणि कुणाकुणाच्या डोळ्यांत घालायची औषधं माझ्या घरी नांदायची. मी कुरकुर करायची, पण नाही कुणालाच म्हणायची नाही. त्यात दिवाळीच्या तोंडावर खालच्या रंजनाबाईंनी श्रीखंडाचा डबा आणून ठेवला. "वहिनी, भाऊबीजलोंग ऱ्हाऊ द्या. मना भिकनसाठे शे."

रंजनाबाई घरी साड्यांना टिकल्या लावायच्या. स्वभाव तापट. नवरा सुकदेव, सारा जन्म लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, पण बायकोच्या आवाजाला दचकायचा. आदल्या वर्षी बाईंची आई वारली आणि गावच्या घराला कुलूप लागलं. माहेर म्हणून उरला तो धाकटा भाऊ भिकन, पलसाण्याच्या डाईंगमध्ये बॉयलरवर काम करणारा. दर भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, ताट संपवायचा आणि लगेच चपला घालायचा. तेवढ्यावर बाई वर्ष काढायच्या.

त्या भाऊबीजेला तो आलाच नाही. बाकीचे कामगार गावाला जाऊन बसले, वर लग्नसराईचं काम आलं, शेठनं त्याला हलू दिलं नाही. सुकदेवभाऊ एकदा चोरपावलांनी आमचा फ्रीज उघडायला वर आले, तर जिन्यातून आवाज आला, "हात नको लावू! मना भाऊ ई, तवय मनी भाऊबीज!"

कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला. मी डब्यावरची उलटून गेलेली तारीख दाखवली. बाई म्हणाल्या, तारीख छापणाऱ्याला काय ठाऊक आमची भाऊबीज कधी ते! मी डबा परत आत सारला. पण खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं. रस्त्यावर रिक्षा थांबली की त्या हातातली सुई टाकून दारात जायच्या, आणि परत येऊन टिकल्यांवर राग काढायच्या.

शेवटी एका दुपारी भिकनराव उगवले. एका हातात साडी, दुसऱ्या हातात खोका. बाई आधी रडल्या, मग भरपूर बोलल्या, मग ओवाळलं. मी डबा खाली नेला. झाकण काढलं तर वर पाणी, खाली पिवळट गोळा, आणि आंबूस वास असा की मी दोन पावलं मागे सरले. बाईंनी पाणी ओतून दिलं, साखर घालून ढवळलं आणि वाटी पुढे केली. "तुनासाठेच ठेयेल शे, भाऊ."

पहिल्याच चमच्याला भिकनच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, मायेचं. त्यानं वाटी साफ केली आणि खोका उघडला. "ताई, मी बी तुनासाठे ठेयेल शे."

आत घारी होती, खवा भरून वर तूप थापलेली सुरती मिठाई! शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सारं सुरत घारी खातं, तेव्हा शेठनं वाटलेली, म्हणजे दिवाळीच्याही आधीची. बहिणीला दिल्याशिवाय सणाचं गोड तोंडात घालायचं नाही म्हणून पठ्ठ्यानं ती पत्र्याच्या पेटीत जपली होती. तूप खवट, वर हिरवी झाक. बाईंनी पदरानं हिरवं पुसलं आणि अख्खी घारी खाल्ली. "गोड शे," म्हणाल्या. दोघांपैकी एकानंही दुसऱ्याला नको म्हटलं नाही. मी मात्र उपास आहे अशी थाप मारून सटकले.

संध्याकाळी चाळीच्या संडासापुढे भाऊ-बहीण आळीपाळीनं धावत होते. लोक आपण होऊन रांग मोडून त्यांना वाट देऊ लागले. सुकदेवभाऊ ओट्यावर निवांत विडी ओढत बसले होते. इतका सुखी माणूस मी उधन्यात दुसरा पाहिला नाही.

कामाची पाळी बुडते म्हणत भिकन उठायला लागला, तशी बाई ओरडल्या, "आते कोठे जास? ऱ्हाय दोन दिन!" पायांत बळ कुठं होतं? राहिला. बाईंचंही पोट धड नव्हतं, तरी त्या त्याला ओव्याचं पाणी देत होत्या, मऊ भात भरवत होत्या. दोघं पडल्या पडल्या आईच्या गोष्टी काढून हसायचे आणि हसता हसता उठून पळायचे.

तो गेल्यावर मी बाईंना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, अहो, जीव गेला असता दोघांचा! त्या पुन्हा टिकल्या लावायला बसल्या होत्या, चेहरा पार उतरलेला. मान वर न करता म्हणाल्या, "वहिनी, पोरी माहेरले ऱ्हावाले जातस. मनं माहेर मना घर दोन दिन राही गयं."