न फिरवलेलं ताट

आलिंग सेदेंगने, म्हणजे सेदेंगमावशीने, हाँगकाँगातल्या लेकीच्या नावाने ताट उपडं घातलं, पोरीला मेलेली धरली, अशी आवई आमच्या किनाऱ्यावर उठली आणि मासळी वाळायच्या आत तिन्ही गल्ल्या फिरून आली. कोपऱ्यावरची दुकानवाली बेबांग तर छातीवर हात ठेवून सांगत होती, "अगं, खण्णकन् वाजलं ताट! ह्या कानांनी ऐकलं!" गावभरच्या नकला मीच करते; हा 'खण्णकन्' मी इतका हुबेहूब काढते, की बेबांगचा कुत्रासुद्धा फसतो.

पण ते खोटं. ताट उपडं घातलं नव्हतं, फिरवायचं राहिलं होतं.

आमच्याकडे जेवता जेवता कुणी उठून निघालं, तर मागे राहिलेल्यांनी आपलं ताट जागच्या जागी एकदा फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोहोचतो. सेदेंगने नवऱ्यासाठी फिरवलं होतं, तरी समुद्राने त्याला ठेवून घेतलं. रोवेलिन तेव्हा चार वर्षांची. मासळी चिरून, मीठ लावून, बांबूच्या ताट्यांवर वाळवून सेदेंगने तिला वाढवलं. पण ताटावरचा विश्वास काही सोडला नाही.

रोवेलिन तिकडे परक्यांची पोरं सांभाळते. सुट्टी रविवारची. बाराच्या ठोक्याला सेदेंग फोन मिठाच्या बरणीला टेकवायची आणि भात वाढून घ्यायची. तिकडे लेक सुट्टीवरच्या इतर बायकांसारखी पुलाखाली पुठ्ठ्यावर बसून डबा उघडायची आणि आईला 'नानाय' म्हणून हाक द्यायची.

"नानाय, फोन जरा वाकवा, नुसतं कपाळ दिसतंय!"

"मग कपाळच बघ. तुझं नशीब तिथूनच आलंय."

फोन बंद झाला, की सेदेंगच्या लेखी लेक जेवणावरून उठली. ती ताट फिरवायची. सहा वर्षांत एक रविवार चुकला नाही.

मग रोवेलिनला फोनमध्येच एक गुरू भेटला. दात शुभ्र, आवाज मधात बुडवलेला. "मैत्रिणींनो, मोठं व्हायचंय? मग मागे ओढणारी माणसं सोडा! शंभर दिवस, फक्त स्वतःसाठी!" एका रविवारी लेकीने तेच सांगितलं, जवळजवळ त्याच सुरात.

"शंभर दिवस फोन नाही करणार, नानाय. रागावू नका. मला स्वतःला घडवायचंय."

"मग मी काय मोडत होते तुला?"

"तसं नाही हो. तुमच्याशी बोलले, की आठवडाभर घरच दिसत राहतं. कशात लक्ष लागत नाही."

फोन बंद झाला. सेदेंग तिरीमिरीत उठली आणि ताट न्हाणीत आपटलं. खण्णकन्. ते धुऊन हात पुसताना तिच्या लक्षात आलं, फिरवायचं राहिलं. धावत जाऊन तिने धुतलेलं ताट पुन्हा मांडलं, फिरवलं. पण रिकामं ताट फिरवून कोण पोहोचतं?

"वेलीवरून तुटून वाढलेला भोपळा मी तरी बघितला नाही," ती माझ्या शेजारी मासळी चिरता चिरता म्हणाली.

"पण मावशी, बाजारात तुटलेलाच जातो," मी बोलून गेले. त्या दिवसापुरती माझी जीभ मलाच नकोशी झाली.

फोन दर रविवारी बरणीला टेकलेलाच असायचा. शंभर दिवस एका मंगळवारी संपले. शनिवारी सेदेंग म्हणाली, "चल, पैज लाव. उद्या बाराला फोन येणार नाही."

"येणार! काय लावता?"

"आला तर माझा रेडिओ तुझा. नाही आला तर तू तिच्या आवाजात एकदा बोलायचं."

"तुम्हाला स्वतःच्याच लेकीचा भरवसा नाही?"

"अगं, बिंगोत मी जन्मात एक डाव जिंकले नाही. म्हणून तर ही बाजू घेतलीय. हरेन, दुसरं काय!"

रविवारी भात निवला. माशा बसल्या. साडेबारा झाले, एक झाला. सेदेंग आयुष्यात पहिल्यांदा जिंकली होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी बरणीपाशी, फोनच्या जागी बसले. आवाज लावला. "नानाय, नुसतं कपाळ दिसतंय."

सेदेंगने डोकं किंचित मागे नेलं. "आता?"

"आता दिसताय."

मी उठले. मागे भाताचं ताट जमिनीवर गोल घासल्याचा आवाज आला.