मधोमध पांढरी रेघ

तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की, आमच्या आणि चुलतभावाच्या घरांमधल्या सामाईक रस्त्याची हद्द आज कायमची निश्चित झाली असून यापुढे त्यावरून भांडण होणार नाही!

ही घोषणा मी घसा खाकरून, हातात ब्रश धरून केली. ऐकायला बायको, चुलतभाऊ आणि ओट्यावर शेंगा फोडत बसलेली त्याची आई, म्हणजे माझी चुलती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दोन्ही घरांच्या गाड्या मागच्या परड्यात लागतात आणि सडकेवर यायला हा एकच रस्ता, कसाबसा एक टेम्पो निघेल एवढा. तो म्हणायचा, तुमच्या कुंड्या आड येतात. मी म्हणायचो, तुझी पेंडीची पोती. रोज सकाळी हॉर्न, रोज सकाळी कपाळशूळ. शेवटी टेप धरला, दोरी ताणली आणि ऑइलपेंटने मी मधोमध रेघ ओढली. काय देखणी रेघ! तिच्यावरून मी ऐटीत चालूनही पाहिलं.

रंग वाळला तसा बायकोने आमच्या अर्ध्यात सिमेंटच्या कुंड्या ओळीने मांडल्या. त्याने त्याच्या अर्ध्यात पोत्यांची थप्पी लावली. दोघंही कायद्याने चोख.

दुसऱ्या दिवशी तिसगावला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न. नवरीला बोहल्यावर आणणारा मामा मी. तिला द्यायचं कपाट चुलतभावाच्या टेम्पोत. मी गाडी सुरू केली, त्याने टेम्पो. पुढे बघतो तर डावीकडे कुंड्या, उजवीकडे पोती, आणि मधून जाईल फक्त मांजर.

"पोती उचल आधी."

"का म्हून? माझ्या हद्दीत हायेत. रेघेला तरी शिवलीत का? तुमीच कुंड्या काढा, दादा."

"मी पैठणी नेसलेय, भाऊजी," बायको खिडकीतून ओरडली. "कुंडीला हात लावणार नाही!"

"मंग मी बी न्हाई."

बहिणीचा फोन चौथ्यांदा वाजला. "दादा, नवरी तयार हाय, तू कुठंयस?" मी काय सांगणार? परड्यात!

तेवढ्यात नवं लुगडं सावरत चुलती ओट्यावरून उतरली. तिने कुंड्या पाहिल्या, पोती पाहिली, रेघ पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मुडद्यांनो, वाटणी केली का वाट लावली?"