परत मागितलेली कुंची

बजाबाईंनी अठरा वर्षं शाळेच्या गणवेशांना कॉलरी लावल्या. शर्ट कुणाच्या अंगात जाणार ते ठाऊक नसे, पण कॉलर ताठ हवी. त्यांची स्वतःची मानही तशीच.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूर असं तापलं, की सावलीसुद्धा सावली शोधत हिंडत होती. मंडईत उघड्यावर बसलेल्या भाजीवाल्या बघून बजाबाईंना वाटलं, बाळाला कुंची घालतो, तशी मोठ्या माणसांना का नको? टॉवेलच्या कापडाची, मानेवर झालर सोडलेली. भिजवायची, पिळायची, घालायची.

त्यांचे यजमान हिंदुराव एसटीतून निवृत्त झालेले. यांना कल्पना सांगितली की ते थेट उद्घाटनाच्या नारळापर्यंत पोचतात. चार दिवसांत त्यांनी एक गाळा आणि दहा मशिनी बघून ठेवल्या. फ्लेक्सही छापून आणला : नाव ‘बजाबाई गारमेंट्स’, फोटो हिंदुरावांचा. पैशासाठी जेऊरचं एक एकर विकायचं. ते बजाबाईंच्या माहेरचं, त्यामुळे सही त्यांची हवी.

“मी सही करनार न्हाय.”

“अगं, धंद्यात उडी मारावी लागती!”

“मारा की. पन आदी इहिरीत पानी हाय का बगा.”

घरातल्या जुन्या टॉवेलांच्या त्यांनी पाच कुंच्या शिवल्या. नणंद-जावांना दाखवल्या नाहीत. “घरची मानसं च्या पिऊन ‘लई भारी’ म्हनत्यात. त्येच्यावर जमीन इकू व्हय?” मंडईतल्या पाच अनोळखी बायकांना त्या दिवसभर घालायला दिल्या आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला गेल्या. हीच परीक्षा.

पाचही कुंच्या परत मिळाल्या. धुऊन, घडी घालून, वर “लई झ्याक हाय वो मावशी!”

हिंदुराव खूश. “बग, समद्यांनी वाखानली!”

“वाखानली. ठिवून घेतली का कुनी? नापास!”

खोदून विचारल्यावर कळलं, की कुंकू पुसलं जातं आणि कान झाकल्यानं गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकू येत नाही. बजाबाईंनी कपाळ उंच कापलं, कानांना खिडक्या ठेवल्या. पुन्हा घडी घालून परत! आता म्हणे पाठीत पाणी टपकतं. झालर आखूड झाली. तिसऱ्या खेपेला मात्र कोथिंबीरवाली सोनम आडवी आली.

“सोनम, कुंची दे.”

“न्हाय देत.”

“अगं, माजी हाय ती!”

“व्हती. आता माज्या डोस्क्यावर हाय. पैसं सांगा, न्हायतर दुसरी शिवा, मशीन हाय की तुमाला!”

दोघींची अशी जुंपली, की शेजारच्या वांगीवालीनं आपली कुंची गुपचूप पिशवीत कोंबली. बजाबाई तोंडानं भांडत होत्या आणि डोळ्यांनी हसत होत्या. त्या दिवशी चौघी भांडल्या. पाचवी कुंची या खेपेला वाटायला नेण्याआधीच घरातून गायब झाली होती.

घरी आल्या, तर अंगणात हिंदुराव. डोक्यावर ओली कुंची, हातात जमिनीचे कागद.

“काढा ती.”

“न्हाय काढत! लई गार वाटतंय. धर, पाचवा मीबी भांडलो. कर सही!”

“घरच्याचं मत धरत न्हाय मी. ह्या कुंच्यांतनंच कमवून आनखी एक जुनी मशीन घेनार. दहा न्हाय, एक.”

एवढं बोलून बजाबाईंनी फ्लेक्स उलगडला, हिंदुरावांचा फोटो उन्हाकडे करून अंगणातल्या आपल्या मशीनवर ताणून बांधला आणि त्याच्या सावलीत, सोनम म्हणाली तशी, दुसरी कुंची शिवायला घेतली.