धुकेकाकांची खुर्ची

आमच्या ह्यांना सगळं ऑफिस धुकेकाका म्हणायचं. विमानतळावर विमान कंपनीच्या, तिकिटाच्या परताव्याच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसले, पण विमानात एकदाही बसले नाहीत. विहिरीच्या काठावर बसून तहानलेले राहिलात, असं मी ऐकवायची. ते हसायचे. मी चिडले की हसायचं, हा त्यांचा जुना उपाय. मला आणखी चीड यायची ते वेगळंच.

धुकं पडलं की हे सकाळी खिडकीशी चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि घरात कुणी आजारी झोपलं असावं तशा आवाजात म्हणायचे, "आज काही उडत नाही." समोरची इमारत गेलेली असायची, रस्ता गेलेला असायचा, कुठूनतरी सायकलची घंटा तेवढी यायची. हे त्यातच चालत निघून जायचे. फाटकापर्यंत दिसायचे, मग मफलर दिसायचा, मग काहीच नाही. तेवढं बघायला मीही उभी राहायची, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

"एकदा वरून बघायचंय," ते म्हणायचे. "खालून इतकी वर्षं बघितलं."

धुक्याच्या दिवशी त्यांच्या खिडकीसमोर रांग लागायची. कंपनीची पद्धत अशी, की विमान रद्द झालं की आधी पुढच्या प्रवासाचं कूपन पुढे सरकवायचं. बहुतेक लोक तेच घेऊन जायचे. खरं तर हवामानाला कुणी जबाबदार नसलं, त्रासाची भरपाई मिळत नसली, तरी न झालेल्या प्रवासाचे पैसे कंपनीला ठेवून घेता येत नव्हते. पूर्ण पैसे परत घ्या, नाहीतर पुढच्या विमानात पहिली जागा घ्या, निवड प्रवाशाची. तसा नियमच होता, आणि तो ह्यांच्या मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेलाही होता. फक्त खुर्ची अशी ठेवलेली, की बसणाऱ्याच्या डोक्यामागे तो झाकला जावा. आणि वरून तोंडी ताकीद: विचारलं तरच सांगायचं.

आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारे. ताकीद कधी मोडली नाही. धुकं पडलं की फक्त खुर्ची हातभर डावीकडे सरकवायचे. मग समोरच्याला म्हणायचे, "तुम्हाला काही विचारायचंय का?" आणि दोरीला बांधलेलं पेन हातात धरून थांबायचे. माणूस गोंधळायचा, इकडेतिकडे बघायचा, भिंत वाचायचा, आणि विचारायचा. विचारलं की हे सांगायचे. साहेबांनी दोनदा बोलावून खुर्चीबद्दल खडसावलं. "पाठीला ऊन लागतं," असं हे म्हणाले. धुक्यात ऊन.

घरीही तेच. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणणार, "तुला काही विचारायचंय का?" मी म्हणायची, मला काही विचारायचं नाही, मला सांगायचंय. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ह्यांच्या तोंडातून शब्द काढायला मुहूर्त लागतो. बत्तीस वर्षं असाच संसार झाला.

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात माझ्या ताईचा फोन आला. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, माझी वेणी घातली, माझ्या लग्नात आईच्या जागी उभी राहिली. तिला काचबिंदू होता हे माहीत होतं. आता म्हणाली, "कडेकडेनं काळोख येत चाललाय गं. मधे किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस म्हणा, महिना म्हणा. तेवढ्यात येऊन जा. तुझं तोंड बघून ठेवते."

नऊ वर्षांत भेटलो नव्हतो. रस्त्यानं तीन दिवस, आणि माझ्या कमरेला एक दिवसही झेपणारा नव्हता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले.

हे म्हणाले, "विमानानं जाऊ. मला स्टाफ तिकीट मिळतं."

फुकट ते पौष्टिक, मी मनात म्हटलं. मला वाटलं, दोघांचंही तसलंच काढलं असणार. त्यांच्या ऑफिसातल्यांची झाडून सगळी कुटुंबं तशीच जायची, दुसरं काही माझ्या डोक्यातही आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी समोरची इमारत नव्हती.

विमानतळावर मी पहिल्यांदाच आत गेले. ते सांगायचे तसंच होतं सगळं. काचेपलीकडे एका शेपटाचा दिवा मिणमिणत होता, बाकी विमान नव्हतंच. माणसं बॅगांवर डोकी ठेवून पडलेली. उद्घोषणा करणारी बाईही हळू बोलत होती. क्षणभर मला वाटलं, आपण अजून घरीच झोपलेलो आहोत आणि हे सगळं ह्यांच्याच डोक्यातलं चाललंय. मग तिनं आमचं विमान रद्द झाल्याचं सांगितलं आणि मी जागी झाले. ताईच्या डोळ्यांतले दिवस मोजकेच होते आणि त्यातला एक आम्ही इथे बाकावर घालवत होतो.

रांगेत आमचा नंबर आला. खिडकीमागे एक मुलगी होती, ह्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं ह्यांना पाहिलं, मग आमची तिकिटं पाहिली, आणि जरा वेळ मान वर केलीच नाही.

"काका, तुमचं स्टाफ तिकीट. ह्यावर काही मिळत नाही. जागा उरली तर, एवढंच."

"माहीत आहे," हे म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच ती उठली आणि तिनं खुर्ची हातभर डावीकडे सरकवली. तिच्यामागची चौकट उघडी पडली.

"काकू, तुमचं तिकीट पूर्ण पैशाचं आहे. तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बुटांकडे बघत होते.

"एकाचेच पैसे होते," ते म्हणाले. "हा महिना धुक्याचा. ताईंना तुला बघायचंय, मला नाही."

बत्तीस वर्षं ज्या प्रश्नाची मी टिंगल केली, तोच आता मला विचारला होता; मी चौकट वाचायला लागले. भिंतीवरची अक्षरं पुसट दिसत होती, चष्मा पुसला तरी पुसटच.

"पैसे नकोत," शेवटी मी म्हटलं. "पुढच्या विमानात मला जागा मिळते का?"

"मिळते. चार वाजता. मागच्या सगळ्यांच्या आधी तुमचा हक्क."

"आणि ह्यांना?"

तिनं ह्यांच्याकडे बघितलं. हेच बोलले. "अगं, मी येतो मागून. जागा उरली की." मग माझ्या हातात बॅग देताना म्हणाले, "खिडकीशी बस. वरून कसं दिसतं ते नीट बघ आणि मला सांग."

चार वाजता धुकं धावपट्टीपुरतं उठलं. मी गेले.

ताईनं मला दारातच धरलं, खिडकीशी नेलं, माझी हनुवटी वर केली आणि तोंड इंचाइंचानं बघितलं. कपाळ, मग नाक, मग एक गाल, मग दुसरा. वाचत असावी तसं. बराच वेळ झाला तेव्हा म्हणाली, "केस पांढरे केलेस ते मला न विचारता?" मग आम्ही दोघी रडलो. मी जास्त.

हे पाच दिवस रोज मफलर गुंडाळून विमानतळावर जात राहिले. त्यांच्यासाठी जागा एकदाही उरली नाही. सहाव्या दिवशी ताईनं मला हाक मारली ती माझ्या उलट दिशेला तोंड करून.

मी गॅलरीत जाऊन ह्यांना फोन लावला. काय झालं ते त्यांना आवाजावरून कळलं असावं, कारण ताईबद्दल त्यांनी लगेच विचारलं नाही.

"वरून कसं होतं, सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

मी खिडकीला कपाळ टेकवून सगळा वेळ बघितलं होतं. वाटेत ह्यांना काय सांगायचं ते जुळवतही होते. आता काहीच आठवेना.

"पांढरं होतं," मी म्हटलं. "खाली तुम्ही होतात. तुम्ही दिसला नाहीत."

"ताईंना तू दिसलीस ना?"

"दिसले," मी म्हटलं.