विशेष काही नाही

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या डुलुथमध्ये खोटं कुणी बोलत नाही, फक्त स्वतःचं दुखणं खरं सांगत नाही. पाय मोडला तरी म्हणतील, "जरा लचकलाय." अशा गावात वाइनो साल्मेला नावाचे कारागीर चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांतल्या फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्ट्या, दुरुस्त करत आलेत. मी त्यांच्या दुकानात फोन घेते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "फोनवर ओरडेल त्याला उद्याची वेळ दे. 'सवडीने या' म्हणेल त्याचा पत्ता आधी मला दे."

मला वाटलं, म्हाताऱ्याची तऱ्हा.

गेल्या जानेवारीत, बाहेर उणे सत्तावीस असताना, इर्मा लिंडक्विस्टबाईंचा फोन आला. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात.

"फर्नेस सकाळपासून बंद आहे. विशेष काही नाही, सवडीने या. गॅसचा ओव्हन पेटवून दार उघडं टाकलंय, ऊब आहे. डोकं तेवढं जड झालंय. आणि ती विषारी वायूची घंटा सारखी कोकलत होती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सेल काढून ठेवलेत."

वाइनोंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "इर्माबाई, कोट घाला आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पडा."

"अहो, तुमच्यासाठी कॉफी ठेवलीय."

"कॉफी गेली खड्ड्यात. बाहेर."

मी दुसऱ्या फोनवरून अग्निशमनवाल्यांना कळवलं. वाइनो पोचले तेव्हा बाई अंगणातल्या पायरीवर बसल्या होत्या, उठायचं त्राण नव्हतं. जवानांनी त्यांना प्राणवायू लावला, ओव्हन बंद करून, दारं-खिडक्या उघडून घरातला वायू घालवला.

मग वाइनो घरामागे गेले. धूर बाहेर कुठून जातो ते आधी बघायचं, फर्नेस नंतर उघडायची, हा त्यांचा नेम. भिंतीतून निघणारी नळी कमरेएवढ्या बर्फाखाली गाडली गेली होती. श्वास कोंडला म्हणून फर्नेस शहाण्यासारखी आपणहून बंद पडली होती. शेजारचा हॅरल्ड रोज सकाळी न सांगता बाईंच्या दारापुढची वाट बर्फ उडवायच्या यंत्राने साफ करायचा, आणि तो सगळा बर्फ त्या भिंतीवर जाऊन पडायचा.

"हॅरल्डला सांगू नका," स्ट्रेचरवरून बाई म्हणाल्या. "बिचाऱ्याला वाईट वाटेल."

"आणि तुम्ही मेला असता तर बरं वाटलं असतं?" वाइनो खेकसले, आणि तडक जाऊन हॅरल्डला सांगून आले. हॅरल्ड लगेच फावडं घेऊन आला. तेव्हापासून नळीभोवतीचा बर्फ तो हातानेच काढतो.

यंदाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, वाइनोंचाच फोन आला. "आज मला जरा उशीर होईल गं. डावा हात जडावलाय. विशेष काही नाही. तू सवडीने..."

पुढचं मी ऐकलंच नाही. दुसरा फोन उचलला आणि त्यांचा पत्ता सांगून रुग्णवाहिका पाठवली.

चौथ्या दिवशी रुग्णालयात भेटायला गेले. "कसं वाटतंय?" विचारलं.

वाइनोंनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुखतंय गं. फार दुखतंय."

मला रडू आलं, आणि हायसंही वाटलं.