डोहासुर किती वेळा वारला

आत्माराम नेहेते वारले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या मरणाची बातमी खोटी ठरली.

'तापीच्या तळाशी' या सिनेमाच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. पाचशे-सहाशे माणसं, निम्मी सुरत-पुण्याकडे नोकरीला गेलेली, लहानपणी त्याच्या सीड्या झिजेपर्यंत पाहिलेली. आत्मारामांच्या बायकोच्या, कोकिळाबाईंच्या भाच्यानं तिथं लिहिलं, 'आपला डोहासुर गेला.' दहा मिनिटांत उत्तर आलं, 'डोहासुर चार वर्षांपूर्वीच गेले. लोटू भंगाळे त्यांचं नाव. कृपया अफवा पसरवू नका.' त्याखाली चाळीस अंगठे.

कोकिळाबाई सुतकात होत्या. भाच्याच्या हातातला मोबाइल घेऊन त्यांनी ते दोनदा वाचलं. घरातला माणूस गेला, राख तापीत सोडून झाली, आणि म्हणे अफवा. रडू यायच्या जागी त्यांना राग आला, आणि तो राग पुढं तीन वर्षं तसाच राहिला.

तसं पाहिलं तर चूक लोकांचीही नव्हती. 'तापीच्या तळाशी'चे चार भाग निघाले ते कागद कारखान्याच्या कॉलनीत. चंदनसर नावाचे एक हौशी गृहस्थ होते, लग्नाचे व्हिडिओ काढायचे. त्यांच्या डोक्यात एक राज्य आलं, नदीच्या तळाशी वसलेलं. तिथं माशांची राणी, आंधळा ऋषी, बोलणारी नाव, आणि डोहाचा राक्षस, डोहासुर. कॉलनीतल्याच माणसांनी कामं केली, घरची लुगडी फाडून पडदे झाले. बऱ्हाणपूर, रावेर, सावदा, जिथं जिथं एस.टी. थांबायची तिथं तिथं त्या सीड्या विकल्या गेल्या. पोरं डोहासुराला घाबरली, आणि तिसऱ्या भागात तो चांगला होऊन पाण्यात चालत गेला तेव्हा ढसाढसा रडली.

आता गोम अशी, की डोहासुर पाळीवर चालायचा. कारखान्यात तीन पाळ्या. चंदनसरांना सूर्य असेल तेव्हा शूटिंग करायचं, आणि एकच माणूस रोज दिवसा मोकळा कुठून मिळणार? म्हणून लोटू भंगाळे, आत्माराम नेहेते आणि वसंत महाजन, या तिघांपैकी ज्याला सुट्टी तो मुखवटा घाली. चणीनं तिघं सारखेच होते. अंगावर काळं रंगवलेलं गोणपाट, हातात मोजे, आवाज चंदनसरांचा स्वतःचा. सीडीच्या शेवटी नावांच्या पाटीत 'डोहासुर' एवढंच होतं, पुढं नाव नाही. आत कोण आहे हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. नंतर विचारावं तर विचारायला माणसं राहिली नाहीत.

मुखवटा मात्र कोकिळाबाईंच्या हातचा. रद्दी तीन दिवस भिजवायची, उखळात कुटायची, मेथ्यांचं पीठ आणि खळ घालून लगदा मळायचा आणि पालथ्या माठावर थापून वाळवायचा. त्यांची आई अशा टोपल्या करी. कोकिळाबाईंनी राक्षस केला.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी बुधवारा पेठेतल्या धर्मशाळेत कार्यक्रम ठरला. आखाजीला आपापल्या घरी पितरांची घागर भरतातच, त्याआधी सिनेमातल्या गेलेल्या माणसांची सगळ्यांनी मिळून आठवण काढायची. ठरवणारी तृप्ती, चंदनसरांची मुलगी. बापामागं स्टुडिओ तीच चालवते. एकेका माणसाचं नाव, फोटो आणि सिनेमातला दहा सेकंदांचा तुकडा, असा तिचा बेत होता.

कोकिळाबाई भर दुपारी डोक्याला पदर गुंडाळून स्टुडिओत गेल्या.

"डोहासुरात आत्मारामांचं नाव घातलंस का?"

"काकू, बसा आधी. पाणी घ्या." तृप्तीनं कूलर त्यांच्याकडं वळवला. "डोहासुरात लोटूकाका आहेत. गोदाकाकू कालच येऊन गेल्या. तो पाण्यात जायचा सीन त्यांनी कन्फर्म केला."

"तो सीन आत्मारामांचा आहे."

"मतलब?"

"मतलब काय मतलब! त्या दिवशी ओले होऊन घरी आले होते. दोन दिवस ताप होता. काढा मी केला, गोदानं नाही."

तृप्तीनं कपाळाला हात लावला. "गोदाकाकू पण सेम हेच बोलल्या. ओले आले, ताप आला, काढा केला. काकू, डोहासुर एकच आहे ना? दोन-दोन फोटो लावले तर पब्लिक कन्फ्यूज होईल."

"पब्लिक होऊ दे. मी तीन वर्षं काय होऊन बसलेय?"

तृप्ती वाईट नव्हती, बापासारखीच कामाची होती. ती म्हणाली, "मला फक्त एक तुकडा दाखवा, जिथं आत्मारामकाका पक्के आहेत. मी लावते. पण पक्का पाहिजे. अंदाजे नको."

आणि तिनं चारही भाग लावले.

कोकिळाबाई आरामात बसल्या. अडतीस वर्षं संसार केला, माणूस ओळखायला कितीसा वेळ लागणार? डोहासुर झाडामागून आला. हेच, त्या म्हणाल्या. मग तो दगडावर चढला. हेही. मग तो नाचला, आणि आत्मारामांनी जन्मात कधी पाय हलवला नव्हता. म्हणजे हा नव्हे. पण नाचणारा आणि झाडामागून येणारा एकाच दिवशी, एकाच उन्हात होते. तृप्तीनं तिथंच थांबवून दाखवलं. मग तोही नव्हे?

दुसऱ्या भागाच्या अर्ध्यावर त्यांना घाम फुटला. चाल ओळखीची वाटे, दुसऱ्या क्षणी परकी वाटे. हा हात कमरेवर ठेवतो, ते ठेवत असत का? आठवेना. बाजारातून येताना पिशवी कुठल्या हातात असायची? तेही आठवेना. घरात माणूस असतो तेव्हा त्याच्याकडं कोण बघत बसतं! बाईला भाजी निवडायची असते.

घरी येऊन त्यांनी दुसरा रस्ता धरला. पाळ्यांचा. नदीवरच्या त्या सीनमध्ये सावल्या लांब, पाण्यावर वाफ, म्हणजे थंडीतली सकाळ. सकाळी मोकळा तो, ज्याची पाळी दुपारची. त्या थंडीत आत्माराम दुपारी डबा नेत होते, पक्कं. म्हणजे तेच! त्या खूश झाल्या. खिचडी टाकली. खिचडी खाली लागायच्या आत आठवलं, की ही तिघं आपसांत पाळ्या बदलून घ्यायची. लोटूच्या मुलीच्या साखरपुड्याला आत्मारामांनी आठवडाभर लोटूची पाळी केली होती. तो साखरपुडा थंडीत होता की उन्हाळ्यात? खिचडी लागली. हिशेब पुरता फिसकटला.

मग एकच उरला, वसंत महाजन. तिघांतला जिवंत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षानं बहादरपूरला गेल्या.

वसंतराव केळीच्या बागेच्या कडेला, घडांच्या फण्या सुटत होत्या तिथं खाटेवर बसून मजुरांवर ओरडत होते. वहिनींना पाहून उठले.

"या या वहिनी! मी अजून आहे बरं का. मागच्या महिन्यात सुरतेहून एकाचा फोन आला. म्हणे, काका, तुम्ही गेले असं ऐकलं, खरं आहे का? मी म्हटलं, बाबा, थांब, विचारून सांगतो."

कोकिळाबाईंना हसू आलं, पण त्या हसायला आल्या नव्हत्या. "वसंतभाऊ, नदीत कोण गेलं होतं? खरं सांगा."

"तिघंही."

"थट्टा नको."

"तुमची शपथ. तुमाले सांगितलं नाही आत्मारामनं?" वसंतराव पुन्हा खाटेवर बसले. "पहिल्या रविवारी लोटू गेला. काठावर उभा राहिला, मागं वळून पाहिलं, पाण्यात शिरला. गळ्यापर्यंत गेला अन् मुखवट्याचं नाकच त्याच्या हातात आलं. कागदाचं ते! चंदनसरांना समजायला पाहिजे होतं, कागद कारखान्यातली माणसं आपण! दुसऱ्या रविवारी नवा मुखवटा घालून आत्माराम गेला. त्याचं पण जमलं नाही. तिसऱ्या रविवारी मी. मले त्यांनी तेलरंगाचे तीन हात मारून दिले. मी शिंगं बुडेपर्यंत गेलो. मग सरांनी तिन्ही रविवार जोडून टाकले."

"म्हणजे ते शिंगं बुडतात ते..."

"मी."

वीस वर्षं त्या सीनला कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत्माराम शेजारी बसून शेंगदाणे खात असत आणि एकदाही म्हणाले नाहीत, की अगं, रडतेस कोणासाठी, तो वसंता आहे. का नाही म्हणाले? माहीत असून की विसरून? आता हे कोणाला विचारायचं?

"गोदाला सांगितलंत का?"

"छे. ती म्हणे लोटूच तो. म्हटलं, असू दे. मी मेल्यावर कुठं बघायला येणार आहे?" वसंतरावांनी जरा विचार केला. "वहिनी, असं करा. निम्मं निम्मं घ्या. छातीपर्यंत पाणी येतं तिथवर आत्माराम, पुढची शिंगं गोदावहिनीची. माझी काही हरकत नाही. खुशीनं देतो."

कोकिळाबाईंनी नाही म्हटलं नाही. रिक्षात बसल्या तेव्हा छातीपर्यंतचा आत्माराम त्यांनी मनातल्या मनात घेतलाही होता. आपलं नाव लागेल, लोकांची तोंडं बंद होतील. खोटं कोणाला कळणार? वसंतालाच कळणार आणि त्यानं तर वाटून दिलं.

स्टुडिओत जाऊन त्यांनी तृप्तीला सांगितलंही. "छातीपर्यंत लाव. पक्कं आहे."

तृप्तीनं सीन लावला. काठावरचा डोहासुर, मागं वळलेला. पाण्यात शिरला. मग मध्येच एक छोटासा तुकडा, आणि मग ती सगळ्यांची आवडती चाल, पाणी चढत जातं ती.

"थांब. तो मधला पुन्हा लाव."

तृप्तीनं लावला. चार सेकंदांचा. पाणी गुडघ्याच्या वर. डोहासुराचं डोकं एकदम लहान दिसत होतं.

"हा मुखवटा दुसरा आहे," कोकिळाबाई म्हणाल्या.

आता त्या माणसाकडं बघतच नव्हत्या, आपल्या हातच्या कामाकडं बघत होत्या. पहिला मुखवटा विरघळल्यावर सहा दिवसांत दुसरा मागितला होता. मोठा माठ तडकला होता, म्हणून त्यांनी धाकट्या माठावर थापला. वाळून आक्रसला तेव्हा दिसतच होतं की लहान झालाय. पण लगदा पुन्हा कोण कुटणार? घाला म्हटलं, होतोय की. तिसरा त्यांनी जावेचा रांजण आणून केला, तो भला मोठा. म्हणजे या चार सेकंदांतला मुखवटा दुसरा, आणि दुसरा रविवार आत्मारामांचा. यात अंदाज नव्हता.

चार सेकंदांत इतकंच होतं. डोहासुर दोन पावलं टाकतो. मुखवटा वर सरकतो, डोळ्यांची भोकं कपाळावर जातात, त्याला काही दिसत नाही. खाली मुखवटा आणि गोणपाट यांच्यामध्ये मानेची उघडी पट्टी. तो एक हात वर करून मुखवटा खाली ओढतो, दगडावरून पाय सटकतो आणि तो एका गुडघ्यावर आदळतो. तिथं तुकडा संपतो.

"ही मान काकांची?" तृप्तीनं विचारलं.

"असेल. मला काय माहीत! नवऱ्याची मान कोण बघत बसतं?"

पण त्या पुढं वाकून बघत होत्या. आपला नसलेला माणूस वीस वर्षं आपला वाटला, आणि हा आपला असून आत काहीच हलत नव्हतं. उलट लाज वाटत होती, ती मुखवट्याची.

"काकू, हा नको," तृप्ती हळूच म्हणाली. "यात तर ते पडतायत. छातीपर्यंतचा भारी आहे. श्रद्धांजलीला पडायचा सीन कसा लावणार?"

"ते भारी वसंताचं आहे. हा लाव."

"पण चारच सेकंद आहे. मला दहा लागतात."

"मग लांबव."

रविवारी संध्याकाळी धर्मशाळेत दोनशे खुर्च्या भरल्या. पंखे गरम वारा फेकत होते. चंदनसरांचा फोटो आला, टाळ्या पडल्या. माशांची राणी आली, आंधळा ऋषी आला. मग 'डोहासुर: लोटू भंगाळे', आणि शिंगं पाण्यात बुडाली. पुढच्या रांगेत गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्या रांगेत वसंतराव स्वतःला बुडताना बघून जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

मग पडद्यावर आलं, 'डोहासुर: आत्माराम नेहेते.'

"आँ? परत?" मागून कोणीतरी म्हणालं. "अरे, दोन होते काय?"

तृप्तीनं चार सेकंदांचे दहा केले होते. लहान डोक्याचा राक्षस हळूहळू पाऊल टाकतो, मुखवटा हळूहळू वर जातो, हात हळूहळू चाचपडतो आणि तो सावकाश, अगदी सावकाश पडतो. आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळी धर्मशाळा. गोदाबाईही डोळे पुसता पुसता हसल्या.

कोकिळाबाईंना कळेना उठून जावं की बसावं. नाव लागलं होतं, दोनशे माणसांनी वाचलं होतं, अफवा संपली होती. यासाठीच तर तीन वर्षं धुमसल्या. मग आता हे काय? हसणारी माणसं दुष्ट वाटत नव्हती. शेजारचा एक बाप्या तर "काय भारी पडला रे!" म्हणून मायेनं मान हलवत होता. रागवावं तर कोणावर? मुखवटा कोणी लहान केला?

पडद्यावर पुढचं नाव आलं. डाव्या हाताच्या खुर्चीवर धूलकोटहून आलेली एक अनोळखी बाई होती, पस्तिशीची. ती त्यांच्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मावशी, ते पडले ते तुमचे मालक का?"

"हो."

"गुडघ्यावर पडले ना. लागलं असेल. दगड होता खाली."

कोकिळाबाईंना तो दुसरा रविवार आठवला. ते ओले आले होते. "मुखवटा घट्ट होता जरा," एवढंच म्हणाले होते, आणि "मग सांगायचं ना आधी!" असं त्या स्वयंपाकघरातून खेकसल्या होत्या. काढा दिला होता. पायाकडं पाहिलं होतं का?

"लागलं होतं का हो त्यांना?" बाईनं पुन्हा विचारलं.

"माहीत नाही," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी विचारलंच नाही."