भंडारा आणि व्हीसीआर

माधवनगरच्या आमच्या दोन खोल्यांत व्हीसीआर आला, तेव्हा घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्याचे लाड जास्त झाले. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. वडिलांच्या गिरणीतल्या एकाने तो जुना म्हणून विकायला काढला होता. "चांगला आहे, फक्त तापतो," असं त्याने सांगितलं आणि वडिलांनी त्यातलं 'चांगला आहे' एवढंच ऐकलं. मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते. इंग्रजी पुस्तिका वाचता येते एवढ्या एका गुन्ह्यासाठी ते धूड माझ्या गळ्यात पडलं.

चांगलं ते चांगलं म्हणायलाच हवं. वडील दुसऱ्या पाळीला असले की त्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम बुडायचे. ते टेप करून दुसऱ्या दिवशी जेवताना दाखवता यायचे. एकच कुस्ती ते चार-चारदा मागे नेऊन बघत, आणि दर वेळी निकाल बदलणार असल्यासारखे पुढे सरकून बसत. पण वीज गेली की त्याचं घड्याळ बारावर येऊन लुकलुकायचं, आणि माधवनगरात वीज रोज जायची. म्हणजे वेळ लावून निवांत राहण्याची सोय पुस्तिकेतच राहिली, बटण दाबायला मी हजर पाहिजेच. शिवाय तापला की तो टेप आत गुंडाळून टाकायचा. म्हणून मी स्क्रू काढून त्याचं वरचं झाकणच उचलून ठेवलं. या हुशारीचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

आम्ही मूळचे जतकडचे, मेंढपाळांच्या घरातले. वडील गिरणीत लागले, त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, मेंढरांमागेच राहिले. गावातल्या गजी नाचात ढोल आबांचा. एकदा टीव्हीवाले गावात येऊन तो नाच टिपून गेले, आणि कधी दाखवणार ते न सांगताच गेले. आबांनी तोवर स्वतःला आरशाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं, आणि आरशातही दाढीपुरतंच. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते मलकापूरच्या बाजूला खतासाठी शेतांत बसवायला निघाले, तेव्हा वाटेत आमच्याकडे आले.

"पोरी, तुज्या त्या खोक्यात मला धरून ठिव," ते म्हणाले. "माघारी आलो की बगतो."

मी लगेच हो म्हणाले.

पुढे दोनेक महिन्यांनी 'उद्याचे कार्यक्रम' सांगताना आमच्या गावाचं नाव ऐकू आलं. आबांना निरोप धाडायचा तर कुठे? मेंढरं आज या शेतात, उद्या त्या. वडील दुसऱ्या पाळीला, रजा मिळेना. सगळी भिस्त माझ्यावर. कोरी कॅसेट घालून मी अर्धा तास आधीच व्हीसीआरच्या स्टुलासमोर बसले. वीज गेली नाही, बटण वेळेवर दाबलं, आकडे फिरू लागले. माझं काही चुकत नव्हतं.

मग ढोल सुरू झाला. आमच्यात ढोलावर टिपरू पडलं की भंडारा उधळतात. तो ढोल पटांगणात आहे की टीव्हीत, असा भेद आईच्या मनात आलाच नाही. देव्हाऱ्यातली वाटी घेऊन ती आली, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि मूठभर हळद टीव्हीवर उधळून जमिनीपर्यंत वाकली. शेजारी माझा व्हीसीआर झाकण काढून उघडा बसला होता. टीव्हीतला ढोल खणखणीत ऐकू येत होता, म्हणून मी व्हीसीआरवरची हळद फुंकून टाकली आणि पुन्हा आकड्यांवर डोळे लावून बसले.

कार्यक्रम संपल्यावर कॅसेट मागे नेऊन लावली. निवेदिका धुरकट दिसली, आमचा माळही धुरकटच, ढोलाचा पहिला ठोका पडला, आणि लगेच पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज मात्र ठणठणीत. टेप जिथून फिरतो ते चाक पिवळंधमक झालं होतं. स्पिरिट लावून पुसलं, तर दुसऱ्या कॅसेटी लख्ख दिसायला लागल्या. या कॅसेटवर चित्र उमटलंच नव्हतं, तर दिसणार कुठून? मी आईवर नको तेवढी ओरडले.

"ढोल वाजल्याव भंडारा न्हाई उधळायचा तर काय करायचं?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. मला रडू आलं ते मुख्यतः रागाने. तिच्या, त्या झाकणाच्या, आणि टीव्हीवाल्यांच्याही.

आबा मृगाच्या आधी आले. सगळं सांगितलं तरी म्हणाले, "लाव तर खरं." पायांतल्या वहाणा दाराबाहेर नीट जुळवून ठेवून ते टीव्हीसमोर बसले आणि सबंध नाच मुंग्यांकडे बघत ऐकला. मांडीवर त्यांची बोटं चालत होती.

"वाजवलाय मीच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आई थोरल्या दिरांपुढे कधी बोलायची नाही, वडील तेव्हा गिरणीत होते. विचारायला मीच उरले होते. "तू तर बगितलं आसशील. कसा दिसत हुतो मी?"

त्या संध्याकाळी मी पडद्याकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. लाल दिवा जळतोय का आणि आकडे फिरतायत का, एवढंच बघत बसले होते. हे तोंडातून निघेना.

"लय झ्याक, आबा," मी म्हणाले. "फेटा तर लय शोभत हुता."

आबांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला.

"फेटा पैल्या फेरीलाच सुटून पडलाता," ते म्हणाले. "सगळा नाच मी बोडक्यानं वाजिवला."